भिंतीपलीकडे गेलेला बॉल

२८ जानेवारी, बुधवार
पुन्हा शून्य. पाचोऱ्याच्या कॉलेजशी, आपल्याच मैदानावर, ०–१.
घराच्या मागच्या गॅलरीतून भिंतीपलीकडच्या कॉलेजचा सगळा सामना पाहिला. चहा दोनदा गार झाला.
पोरं वाईट खेळत असती तर इतकं लागलं नसतं. मैदानाच्या मध्यावर बॉल असा फिरवतात, जणू हळदीकुंकवाचं तबक या हातातून त्या हातात जातंय. आणि गोल समोर आला की सगळ्यांचे पाय जड. दिलीप, आपला फॉरवर्ड, सातपुड्याच्या पायथ्याचा मुलगा, पळताना पावलांचा आवाज येत नाही त्याच्या. आज तो एकटा गोलसमोर. त्यांचा गोलकीपर घसरून पडलेला. आणि दिलीपने बॉल मागे दिला. मागे!
मी गॅलरीतून "मार की रे!" ओरडले. शेजारच्या गच्चीवरचे कपडे काढणाऱ्या बाई बघतच राहिल्या.
खैरनार सर बाकावर हाताची घडी घालून. कोच म्हणायचे की फोटो काढायला बसलेत म्हणायचं?
पाच सामने झाले मोसमात. एक गोल नाही.

३१ जानेवारी, शनि.
धुळ्याहून लिलीचा फोन. कॉन्व्हेंटमध्ये ती आमची गोलकीपर आणि मी फॉरवर्ड, हे आता सांगून कोणाला खरं वाटणार? दोघींचे गुडघे डॉक्टरांकडे.
"वासंती, ऐकलं मी. गोल कुठे असतो ते दाखवायला इकडून माणूस पाठवू का?"
"पाठव. येताना तुमच्या पांझरा नदीचं पाणी घेऊन ये म्हणावं, पाय धुऊन बसवते."
हसत सुटलो दोघी. फोन ठेवला आणि घर एकदम मोठं झालं.

३ फेब्रुवारी, मंगळ.
दुपारी डोळा लागला तर कॉन्व्हेंटच्या सिस्टर ॲग्नेस दिसल्या. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचललेला, पांझरेच्या कोरड्या पात्रात दगडांवरून चाललेल्या, काखेत आमचा बॉल. मागे सगळं ऊन. त्या चालत होत्या पण जवळ येत नव्हत्या.
शाळेच्या कुंपणाला लागून नदी. बॉल सारखा तिकडे जायचा. एकदा मी मारलेला बॉल फारच लांब गेला आणि मी रडायला लागले. तेव्हा त्यांचं ते मोडकं मराठी: "आधी वर बघ, मग मार. चुकला तर आपण जाऊन आणू."
जाग आली तेव्हा मैदानावर सराव सुरू झाला होता. बॉलचा तो धप् धप् आवाज. हे गेल्यापासून माझ्या संध्याकाळी त्या आवाजावर टेकून उभ्या आहेत. यांची खुर्ची अजून गॅलरीत तशीच.

८ फेब्रुवारी, रवि.
शेवंता आली, बिबड्यांची, म्हणजे आमच्या खानदेशी पापडांची ज्वारी निवडायला. ती धरणगावची. नवरा याच कॉलेजात शिपाई, त्यामुळे तिथली बातमी आमच्याकडे आधी पोचते.
"बाई, फुटबॉल बंद करनार शेतस म्हने."
"कोण म्हणालं?"
"मोठा साहेब. यंदा धुयाले हारनात ते बठ्ठं बंद. खैरनार सरनं कामबी गयं. मैदानवर गाड्या उभ्या करनार."
धुळ्याला हरले तर सगळंच बंद. ज्वारीतले खडे दिसेनात मला.
गाड्या. धप् धप् ऐवजी हॉर्न.
धुळ्याचा सामना २७ला. शेवंता म्हणाली, "पन बाई, ह्या पोरेस्ना पायमा जोर नही शे का?" जोर आहे गं. तेच तर कळत नाही.

११ फेब्रु.
आज सराव नीट पाहिला. चष्मा पुसून, वहीत खुणा करत, यांच्यासारखं. (हे फिजिक्स शिकवायचे. पतंग पाहतानाही वही.)
पलीकडचा गोल वाकलाय, जाळी नाही, म्हणून सगळा सराव अलीकडच्या गोलवर. म्हणजे माझ्या परसाच्या भिंतीकडे तोंड करून.
तासाभरात गोलवर मारलेले बॉल: चार. चारही जमिनीवरून, सरपटत. माझ्या पोळपाटानेही अडवले असते.
एक मात्र खैरनारांचं कौतुक. कित्येक वर्षांत माझ्या परसात बॉल पडलेला नाही. शिस्त आहे. पण नुसती शिस्त घेऊन काय करू?

१५ फेब्रु., महाशिवरात्र
उपास. साबुदाणा अंमळ गिजका झाला. मैदान रिकामं. रिकामं मैदान बघताना वाटलं, असंच राहिलं तर चालेल, गाड्या नकोत.
ठरवलं. खैरनारांना जाऊन सांगायचं. मी कोण सांगणारी? असू दे. सहा वर्षं सगळे सामने पाहिलेत मी, प्राचार्यांनी एकही नाही.

१७ फेब्रु., मंगळ.
गेले होते.
भिंतीला वळसा घालून फाटकातून मैदानात. किती वर्षांनी माझ्या पायाला तिथली माती. मुलं थांबली, एकमेकांकडे बघायला लागली, दोघांनी तर बॉल पाठीमागे लपवला. वाटलं, म्हातारी बाई बघून लाजली असतील.
"सर, तुमची मुलं गोलवर मारत का नाहीत?"
"मारतील, ताई."
"कधी? मी असेपर्यंत?"
खैरनार सर हसले नाहीत. लांबून उंच वाटतात, जवळून खांद्यात वाकलेले. म्हणाले, "या. एक दाखवतो."
जिमखान्याची खोली. घामाचा आणि चामड्याचा वास. बॉलचं लोखंडी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेला एक कागद. अक्षर आधी ओळखलं, मजकूर नंतर. उजवीकडे झुकलेलं, सारख्या उंचीचं, कॉन्व्हेंटचं. माझं.
'मा. प्राचार्य यांस. आपले विद्यार्थी खेळतात की दगडफेक करतात? यापुढे माझ्या हद्दीत एकही चेंडू आल्यास तो परत मिळणार नाही...'
दीड पान. खाली सही, तारीख.
"मी तेव्हा नवीन होतो, ताई. मानधनावर. प्राचार्यांनी हे हातात ठेवलं. मग नियम केला. जो बॉल भिंतीपलीकडे घालवेल त्याला मैदानाच्या दहा फेऱ्या आणि आठवडाभर खेळ बंद. दर वर्षी नवीन मुलं आली की कॅप्टन हे पत्र वाचून दाखवतो."
मी खालची तारीख पुन्हा वाचली. सहा वर्षांपूर्वीची.
"शुद्धलेखनालाही बरं पडतं त्यांना," म्हणाले. टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.
दिलीप दारात उभा होता. विचारलं त्याला, "तू उंच मारलास कधी?" म्हणाला, "गावाकडं मारतो, आजी. इथं नाही. पाय उचलला का तुमची भिंत दिसते."

१८ फेब्रु.
पत्र लिहिल्याचं विसरले होते मी. खरंच विसरले होते. तो दिवस विसरले नव्हते.
यांचं दुखणं वाढलेलं. जेवण जात नव्हतं. एका सकाळी म्हणाले, "बिबडा भाजून दे गं, निखाऱ्यावर." घरात नव्हते. शेवंताला बोलावून भर उन्हात ज्वारीच्या पिठाचा घाट शिजवला, खाटेवर ओलं धोतर पसरून बिबडे घातले. अर्धे वाळले असतील आणि भिंतीवरून बॉल आला, बरोबर खाटेच्या मध्यावर. धोतरासकट सगळं मातीत.
आणि हे गॅलरीतल्या खुर्चीतून ओरडले, "गोल!"
किती दिवसांनी हसले होते. खोकला येईपर्यंत हसले.
मी नाही हसले. बॉल अडगळीत टाकला आणि त्याच संध्याकाळी दीड पान. बिबड्यांसाठी नव्हतं ते. पण प्राचार्यांना दुसरं काय लिहिणार होते?
त्या एका पत्रावर सहा वर्षं मुलं मान खाली घालून खेळली. आणि मी वर बसून खैरनारांना नावं ठेवत राहिले.

१९ फेब्रु.
नवीन पत्र. चार कागद फाडले. शेवटी तीन ओळी:
'खेळाडूंस. माझं आधीचं पत्र मी मागे घेते. बॉल भिंतीपलीकडे येऊ द्या. आधी वर बघा, मग मारा. चुकला तर मी आणून देईन. – वासंती.'
सोबत अडगळीतून काढलेला तो बॉल. हवा गेलेला, चामडं तडकलेलं. बाळासारखा काखेत धरून नेला.
खैरनारांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "नियम आत्ता रद्द करतो. पण ताई, सहा वर्षांची सवय तीन ओळींनी जाते का?"
"तुम्ही सांगा त्यांना."
"सांगतो. पण आधी मलाच पटायला हवं. मीही त्या भिंतीला घाबरतच कोच झालो."

२१ फेब्रु., शनि.
सराव. काही नाही. बॉल मागे, बॉल बाजूला. दिलीपने एकदा पाय उचलला, भिंतीकडे पाहिलं, खाली ठेवला.
खैरनार बाकावर नव्हते, उभे होते. ओरडत होते: "मार रे, ताई काही म्हणत नाहीत!" पूर्वी त्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता.

२४ फेब्रु.
काही नाही.
लिलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सिस्टर असत्या तर काय केलं असतं?"
"झगा उचलून आल्या असत्या."
"मग ये. २७ला माझ्याकडे उतर. पण मी धुळ्याच्याच बाजूने ओरडणार, आधीच सांगते."

२६ फेब्रु., गुरु.
ऊन चांगलं कडक. शेवंता म्हणाली बिबडे गच्चीवर घालू, तिथं निवांत. मी म्हटलं, नाही. परसात. खाट भिंतीजवळ.
"बाई, बॉल यी ना!"
"येऊ दे."
तिने माझ्याकडे असं पाहिलं की ऊन लागलं की काय मला. घातले. लसूण-तिखटाचा वास पार मैदानापर्यंत गेला असेल. मी यांच्या खुर्चीत बसले. पहिल्यांदाच.
पाच वाजता धप् धप्. साडेपाच. पावणेसहा. ऊन पिवळं होत गेलं, कडूनिंबाची सावली खाटेवर सरकली. मध्येच डुलकी लागली असावी, कारण सिस्टर पुन्हा नदीतून येत होत्या.
मग एक वेगळा आवाज. भरलेला. सगळा पाय लागलेला.
बॉल भिंतीवरून आला, निंबाच्या फांदीला लागला आणि खाटेच्या मध्यावर. ओले बिबडे, धोतर, सगळं.
पलीकडे एकदम शांतता. अकरा जण श्वास धरून. शेवंताने कपाळावर हात मारला.
"गोल!" मी ओरडले. आवाज फाटला माझा.
मग दिलीपचं डोकं भिंतीवर. "आजी... चुकला."
"चुकू दे. बाजूला हो."
बॉलला चिकटलेला बिबडा पुसला. जमिनीवर ठेवला. वर बघितलं. पदर खोचला आणि मारला. गुडघ्यातून कळ थेट कमरेत. बॉल गेला पलीकडे. आणि त्याच्यामागून उजव्या पायातली चप्पलही.
पलीकडे जो काय आरडाओरडा झाला!
नंतर चार बॉल आले. मोजले मी. खाट उचलून ठेवायला शेवंताला सुचलं नाही, मी सुचू दिलं नाही.
दिवेलागणीला फाटकापाशी गेले, एका पायात चप्पल. खैरनार सर आणि सगळी टोळी उभी.
"माझी चप्पल?"
दिलीपने सरांकडे पाहिलं. सरांनी आकाशाकडे.
"ती पिशवीत गेली, आजी. बॉलच्या. शकुन म्हणून नेतोय, धुळ्याहून आल्यावर देतो."
उद्या सकाळची धुळ्याची बस. यांच्याबरोबर सहलीला घेतलेले कापडी बूट सापडले, नाड्या नाहीत. शेवंताने केसांच्या रिबिनी बांधून दिल्यात, लाल.