पत्रांना कात्री लावू नये

मी, खाली सही करणार, वय वर्षे शहात्तर, निवृत्त सुलेखन शिक्षिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा स्वहस्ते लिहून ठेवत आहे. दडपण आणून पाहिले पुतण्याने. पण मी नन्सच्या छडीखाली शिकले, त्याला काय भीक घालणार!

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या भाचीला. ती पुस्तकबांधणी करते. न्हाणीघरातला नळ ठिबकतो, तोही तिचाच.

२. माझे दिवंगत पती चित्रकार होते. परगावी भिंती रंगवायला जात आणि तिथून मला पत्रे लिहीत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण लिहिता लिहिता हात न उचलता चित्रात शिरत: ओळीच्या टोकाला खाटेवरची चादर, चादरीच्या टोकातून पुन्हा ओळ. मी ती पत्रे तांबड्या शाईने तपासून ठेवत असे. घरी आले की आधी चुका मोजत, मग चहा मागत. ही सर्व पत्रे भाचीला.

३. पुतण्याचे चित्रांचे दुकान आहे. गेल्या वर्षी एक पत्र "जरा बघतो" म्हणून नेले आणि त्यातले मी झोपले असतानाचे चित्र कापून चौकटीत घातले. जाब विचारला तर म्हणतो, "काकू, मागे नुसता मजकूर होता." नुसता मजकूर! मागचे वाक्य आता "तू इथे असतीस तर" म्हणते आणि भोकात पडते. पुढचे मला तोंडपाठ आहे; ते वकिलांनाही सांगणार नाही. वर विचारतो, "ती तांबडी शाई काढता येईल का? भाव पडतो." अरे, त्यांनी लिहायचे आणि मी तपासायचे, हाच आमचा संसार होता.

४. भाचीने ते भोकाचे पत्र हातात घेतले आणि विचारले, "मावशी, तू काय उत्तर दिलंस?" हे आजवर कोणी विचारले नव्हते. माझी उत्तरे त्यांच्या रंगांच्या पेटीत आहेत, त्यांच्या बोटांच्या निळ्या-पिवळ्या ठशांसकट. दोन्ही गठ्ठे तिने एकत्र बांधावेत, पत्रामागे उत्तर. काचेआड ठेवू नयेत. वाचायचे त्याने हात धुऊन टेबलाशी बसावे.

५. पुतण्याला काही नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. तो आपसूक पात्र ठरला.

६. सहीला बोलावले तर तो चौकट काखेत घेऊन आला, म्हणून हे कलम वाढवत आहे.

"विकलं नाहीस?"

"गिऱ्हाईक दारात होतं, काकू. चौकट बदलताना मागचं वाचलं. मग देववेना."

"सगळं वाचलंस?"

त्याचे कान लाल झाले.

भाचीने तो तुकडा पत्रात पुन्हा जोडावा. कलम पाच कायम. मात्र हात धुऊन आल्यास टेबलाशी त्याचीही खुर्ची मांडावी.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तो
सही: काकू, मावशी आणि त्या पत्रांतली "तू"

साक्षीदार पहिले: शेजारचे दातांचे डॉक्टर (अक्षर नापास)
साक्षीदार दुसरा: पुतण्या (अक्षर सुधारते आहे)