टमटम अक्षरांची वाटणी

मी, बद्रीनाथ रखमाजी डोंगरे, वय सेहेचाळीस, शिक्षण बी.ए., धंदा पाट्या रंगवणे, राहणार मस्तगड, जालना, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात औरंगाबादला हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर पुन्हा पुन्हा "घाबरू नका" म्हणतात, म्हणून लिहीत आहे.

१. घर, बँकेतील ठेव व सायकल पत्नी सत्यशीला हिला. आम्हाला मूलबाळ नाही. आपण वारस असल्याचा भास फक्त चुलतभाऊ तातेराव यास होतो. वडीगोद्रीची जमीन त्याने मी हयात असतानाच, "तू पेंटर, तुला ढेकळं काय करायची?" असे म्हणून घेतली. तिच्यावर लिहिण्याचे कष्ट वाचले.

२. माझी रोजनिशी सत्यशीलेने वाचू नये. वाचलीच, तर तिच्या कढीबद्दलचे माझे मत पुढे बदलले, हे ध्यानात घ्यावे.

३. खरी मालमत्ता टमटम. हे वाहन नव्हे, मी काढलेल्या अक्षरांचे नाव आहे. उंच, जाड आणि एकमेकांना खेटून उभी अक्षरे. १९८४ साली तातेरावाने अरुंद गाळा घेतला. पाटीवर हवे होते: 'श्री खंडेश्वर कृपा तातेराव रामराव डोंगरे आणि सुपुत्र भांडी भांडार'. सुपुत्र सोडा, तेव्हा त्याचे लग्नही ठरले नव्हते.

"कृपा तरी काढू का?" मी विचारले.

"एक शब्द काढायचा न्हाई. अन् जाड पाह्यजे. बारीक अक्षर म्हंजी बारीक दुकान!"

मी रुंदी चोरली, जाडी ठेवली. उकारांना जागा उरेना, म्हणून त्यांचे पाय वाकडे करून बाहेर काढले. पाटी चढली तेव्हा माझा भागीदार महेबूब खालून ओरडला, "बद्रीभाई, ही तर टमटम झाली! सगळे खांद्याला खांदा लावून बसले, अन् सुपुत्र पाय बाहेर काढून!"

रस्ता हसला, तातेराव चिडला. पुढे रसवंत्या, सर्कस, बालवाड्या तेच अक्षर मागू लागल्या, तेव्हा मात्र तो म्हणाला, "माझ्या दुकानासाठी निघालं, म्हंजी माझंच." या न्यायाने ज्याच्या पायात काटा मोडतो, बाभळ त्याची.

४. टमटमचे पत्र्यातून कापलेले सर्व छाप व माझे ब्रश महेबूब यास. अट अशी की फ्लेक्सवाल्याला छाप देऊ नयेत. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहण्याच्या तयारीत तातेरावाने आपल्या फ्लेक्ससाठी संगणकावर रुंद अक्षरे दोन्ही बाजूंनी दाबून 'टमटम' म्हणून छापली. अशाने उभ्या रेघा वाळतात, आडव्या तशाच जाड राहतात, आणि अक्षर सडपातळ न दिसता आजारी दिसते. हे समजावले, तर म्हणाला, "मतदार काय रेघा पाहून राह्यलेत का?"

पाहत नाहीत. कदाचित त्याचेच बरोबर असेल, आणि मी जन्मभर कोणाच्या नजरेत न येणाऱ्या गोष्टीची राखण केली असेल. तरीही अट कायम.

५. मी गेल्यावर तातेराव चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावणार. त्याची आई, माझी चुलती साळूबाई, गेली तेव्हा तिचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा होता आणि शोकाकुल तातेराव हात जोडून पुरुषभर उंच. म्हणून माझी पाटी मी स्वतःच रंगवून ठेवली आहे, टमटममध्ये.

"मरणाच्या पाटीला असलं अक्षर? लोक हसतील की," सत्यशीला म्हणाली.

मी बराच विचार केला. हसू द्यावे. महेबूबने तारीख भरून तीच चौकात लावावी. पाटीवर माझे नाव आहे, सत्यशीलेचे आहे, महेबूबचे आहे, आणि तारखेपुरती जागा आहे. तातेरावाचे नाव कुठे मावते का, हे मी प्रामाणिकपणे मोजून पाहिले. टमटममध्येही मावत नाही.

६. ज्याला वाटा नाही त्याचीच साक्ष घ्यावी, असे वकील म्हणाले. तातेरावाहून योग्य माणूस सापडला नाही. मजकूर वाचून दाखवू का, असे काल त्याला विचारले. म्हणाला, "वाचायचं राहू दे, सही कुठं मारू ते सांग."

यापुढे मला काही सांगायचे नाही.

मस्तगड, जालना
१२ ऑगस्ट २००६
(सही) बद्रीनाथ रखमाजी डोंगरे

आमच्यासमक्ष सही केली:
१. अप्पाराव भिवाजी काळे, शेजारी
२. तातेराव रामराव डोंगरे आणि सुपुत्र, भांडी (कृपया मागे पाहा)