दाराजवळची वीतभर भिंत

मी, यशोधरा सोमा रोकडे, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार बदलापूर पूर्व, हे मृत्युपत्र शुद्धीवर आणि स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव मानला असता, तर जन्मभर सभा घेत फिरले नसते.

१. कात्रपच्या पुढे स्वकमाईच्या जागेवर मी घर बांधलं आहे. भिंती भाताच्या पेंढ्याच्या घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यांच्या, वरून माती, शेण आणि चुन्याचा गिलावा. हे घर जमिनीसह धाकटा भाऊ राजेंद्र याला देते.

राजेंद्र या घरात कधी आला नाही. बांधकाम चालू असताना फाटकापाशी उभा राहून म्हणाला, "ताई, आईने गवताच्या छपराखाली जन्म काढला. तू तर भिंतीच गवताच्या केल्यास. लोक म्हणतील, रोकडे परत झोपडीत गेले."

मी म्हणाले, गवताची लाज आपण का धरावी? आपल्याला गावाबाहेर ठेवणाऱ्यांनी धरावी. हे घर मला कोणी नेमून दिलेलं नाही, मी निवडलंय.

"मी काय सभेला आलोय, टाळ्या वाजवायला?" म्हणाला आणि गेला.

२. पुस्तकं मोरिवलीच्या विहाराला. माइक भाची पायलला. सभा संपल्यावर घरी जेवायला कोणीतरी असावं, एवढं तिने बघावं.

३. शेजारच्या सोसायटीचे चेअरमन अल्पेश म्हात्रे "मॅडम, पेंढ्यात उंदीर होणार" म्हणत तक्रारी करत राहिले. त्यांना माझा उंदरांचा पिंजरा द्यावा. तो एकदाही लावावा लागला नाही.

४. घमेली, फावडी आणि थाप्या गोजरबाईंना. त्यांनी माझ्याबरोबर माती तुडवली.

५. दाराजवळ, खाली, वीतभर भिंत गिलाव्याविना काचेखाली आहे. बघायला येणाऱ्यांना मी तिथून आतला पेंढा दाखवते आणि त्यावर बोलतेही पुष्कळ. पण ती जागा त्यासाठी ठेवलेली नव्हती. आई घर सारवायची तेव्हा उंबऱ्याजवळचा शेवटचा तुकडा राजेंद्रसाठी सोडायची, नाहीतर तो रडून घर डोक्यावर घ्यायचा. मीही तो सोडला होता. पाऊस आला, राजेंद्र आला नाही, म्हणून काच बसवली.

त्याला घर नको असेल तर खुशाल पाडावं. पेंढा कुजेल, माती मातीत जाईल, राडारोडा उचलायला डंपर लागणार नाही. मात्र त्याआधी काच काढून तेवढा तुकडा त्याने स्वतःच्या हाताने लिंपावा. माती पडवीतल्या टबात भिजवलेली आहे. ती वाळू नये म्हणून मी रोज पाणी घालते. माझ्यामागे गोजरबाई घालतील.

वरील मजकूर वाचून मी दोघांसमक्ष सही केली, त्यांनी माझ्यासमक्ष.

सही: यशोधरा सोमा रोकडे

साक्षीदार: १. आकाश भिवा सोनावणे  २. रिद्धी चंदू भोईर

बदलापूर, ९ मार्च २०२५