इंजिन मंडळाला मिळणार नाही

मी, चंद्रप्रभा, कै. वसंतराव तडवळकर यांची पत्नी, राहणार येडशी, जिल्हा उस्मानाबाद, माझे डोके ठिकाणावर असताना व कोणी हात धरलेला नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. पोटातली गाठ मला दिवाळी बघू देईल असे डॉक्टरांना वाटत नाही, म्हणून ही घाई.

१. राहते घर व विहिरीसह शेत माझी एकुलती मुलगी चारुशीला, शिक्षिका, लोहारा, हिला द्यावे.

२. शेतातल्या पत्र्याच्या शेडमधले छोट्या लाइनीचे जुने इंजिन, दोन डबे व रूळ, हेही चारुशीलालाच. यजमानांनी हे इंजिन लिलावात घेतले ते माझ्या पाटल्या मोडून. पुढे शेडवर 'रेल्वे संग्रहालय' अशी पाटी लागली आणि माझे दीर बाबूराव यांनी हौशी मंडळ काढले. दिवाळीच्या सुट्टीत हे मंडळ लोकांना गाडीतून फिरवते. मंडळात पाच जण, आणि पाचही डायव्हर. राख काढायची म्हटले की पाचांचीही कंबर धरते. मी एकदा वर चढू लागले तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही खालीच थांबा. इंजिनावर बाईमाणसाचं काय काम?" माझ्या पाटल्या चालल्या, मी चालले नाही.

हेच भाऊजी परवा उशाशी बसून म्हणाले, "चारू परघरची. इंजिन मंडळाच्या नावावर करा, घराण्याचं नाव राहील." घराण्याचे नाव गेल्या दिवाळीच्या पाडव्याला साऱ्या येडशीने पाहिले आहे. गाडी माणसांनी भरली, पाच टोप्या वर चढल्या, शिटी कोणी ओढायची यावरून भांडण झाले, आणि टाकीत पाणीच भरलेले नव्हते! गाडी अर्ध्या वाटेत उभी. मंडळातले हिंमतराव पाटील वरूनच ओरडले, "पानी भरनं डायव्हरचं काम न्हाय!" शेवटी आमच्या शेतावरची सिद्धम्मा आणि मी विहिरीवरून घागरी वाहिल्या. सिद्धम्मा म्हणाली, "पाच डायव्हर हायती बाई, एकाला बी गाडीची तहान कळंना." नंतर फोटो निघाला. त्यात पाच टोप्या आहेत, घागर एकही नाही.

३. सिद्धम्माला माझी तांब्याची घागर व विहिरीवर हयातभर पाण्याचा हक्क.

४. बाबूरावांना तो फोटो, काचेसह. टोप्याही माझ्याच खर्चाच्या, पण त्या परत मागत नाही. घामाचा डाग एकीलाही नाही, पुढे कोणाच्या मुंजीत उपयोगी पडतील.

५. मंडळाने गाडी खुशाल चालवावी. मात्र चारुशीलाच्या परवानगीने, आणि आधी टाकी स्वतः भरून. शिटीची दोरी फक्त चारुशीलाच्या हातात राहील. हे मान्य नसेल तर इंजिन शेडमध्येच गंजू द्यावे. मला वाईट वाटेल, पण चालेल.

६. सिद्धम्माच्या खांद्याला धरून आज मी इथे चढले. इंजिन थंड आहे, शिटी वाजणार नाही हे ठाऊक होते. तरी दोरी एकदा ओढून पाहिली. चारू, दिवाळीला वाजव. मी असले तर ऐकेन.

साक्षीदार:
१. गुरुसिद्धप्पा, किराणा दुकानदार, येडशी
२. हिंमतराव पाटील (खाली उभे राहून, हात उंच करून सही केली)

सही: चंद्रप्रभा वसंतराव तडवळकर
दिनांक: २० ऑक्टोबर १९६४
ठिकाण: येडशी, इंजिनावर, डायव्हरच्या जागेवर बसून