उभ्याने काढलेली रांगोळी

आई, काल डॉक्टरांनी मला विचारलं, तुझी आई खाली बसायची का? मी गुडघा दाखवायला गेले होते, नुंगंबाक्कमला, ऑफिसातून मधेच उठून. त्यांनी मला आडवं केलं, पाय दुमडून आतल्या बाजूला वळवला आणि जांघेत अशी कळ आली की मी टेबलाची कड धरली. म्हणाले, "गुडघा ठीक आहे. दुखतोय खुबा, ओरडतोय गुडघ्यातून." मग एक्स-रे. खुब्याची वाटी जन्मापासून उथळ आहे म्हणे, हाडाचा गोळा तिच्यात पुरता बसत नाही, सगळा भार एकाच कडेवर येतो आणि ती झिजत जाते. मुलींमध्ये जास्त दिसतं, बरेचदा घरातूनच येतं. म्हणून तो प्रश्न.

मी म्हणाले, हो, बसायची की. आणि म्हणतानाच मला तू दिसलीस. वेलचेरीच्या आपल्या दारात, उभी. आधी तू उकिडवी बसूनच रांगोळी काढायचीस. मग एकदम समोरच्या तमिळ मामींकडून त्यांची रांगोळी, कोलम, शिकायला लागलीस, इथल्या बायकांसारखी, कमरेत वाकून. मामी सांगतायत, "कुनिंजु पोडु," वाकून काढ, आणि तू चिमटीतून तांदळाचं पीठ सोडतेयस, डावा हात चौकटीवर. पेपरमागून बाबा म्हणतात, "घ्या! साताऱ्याची बाई मामी झाली. उद्यापासून पोहे बंद, पोंगल चालू." तू म्हणतेस, "झाले तर झाले. जिथे राहायचं तिथलं शिकायला नको?" त्याच सुमारास विळी माळ्यावर गेली. चैत्राच्या हळदीकुंकवाला सगळ्याजणी सतरंजीवर आणि तू खुर्चीत, "मला सारखं उठावं लागतं ना." आम्हाला वाटलं, आई चेन्नईची झाली. मी तर त्यावर कॉलेजात लेख लिहिला, स्टेजवर वाचला, आई पिठाच्या रेघेवरून दुसऱ्या भाषेत चालत गेली वगैरे. टाळ्या पडल्या. तू पण वाजवल्यास.

तू गेलीस तापाने. खुब्याचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता, त्यामुळे त्याचा फोटो कधी कुणी काढलाच नाही, तो तुझ्याबरोबर जळला. आता मी माझी फिल्म खिडकीशी धरते आणि त्यात तुझं हाड शोधते. संध्याकाळी पॅसेजमध्ये तुझी चप्पल घासत येते, एक पाऊल नीट, एक ओढलेलं. मी थांबते. ती थांबते. मी चालायला लागते.

डॉक्टर म्हणाले, झीज वाढायच्या आत ऑपरेशन करून वाटी वळवता येते. उशीर केला तर पुढे सांधाच बदलावा लागेल. तोवर व्यायाम, आणि उकिडवं बसणं बंद. घरी बोला, लवकर ठरवा. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "काय म्हणाले गं?" तुला जाळलं तेव्हापासून ते हॉस्पिटलचं नाव काढलं की घास खाली ठेवतात. मी म्हणाले, "काही नाही, मुरगळलाय."

आज सकाळी मी पीठ घेऊन दारात बसायला गेले. अर्ध्यावरच अडकले. उठले, वाकले, आणि डावा हात आपोआप चौकटीवर गेला. तिथे रंग उडालाय, आई, तळहाताएवढा. मी रोज त्या दारातून जाते. कधी दिसला नव्हता.

समोरून मामी बाहेर आल्या, गालाला हात लावला. "अय्यो, अम्मा मादिरिये!" अगदी आईसारखीच. मागून बाबा म्हणाले, "काय, तूसुद्धा मामी?" आणि माझ्या तोंडातून तुझंच वाक्य निघालं. जिथे राहायचं तिथलं शिकायला नको? बाबा हसले. तेव्हा हसले होते तसेच.

हे तुला लिहितेय, पण ठेवायचं होतं त्यांच्या ताटाशेजारी. त्यांचं जेवण झालं. कागद अजून माझ्याच हातात आहे.