पाहुण्यानंही चालून दाखवावं

६ फेब्रुवारी १९७२, राहुरी
आज मला बघायला आले. मुलगा दत्तात्रय, शिंगणापूरचा, मुंबईत कंपनीत. सोबत त्याचे मामा. मी पोहे घेऊन गेले तेव्हा तो पलंगावर बसलेला, गुडघे जवळजवळ छातीशी. बसूनही अण्णांपेक्षा टोपीभर उंच.
मामांचे नेहमीचे प्रश्न. मग, "पोरी, जरा चालून दाखव." चालले. बी.ए. होऊन शाळेत शिकवते, तरी पाय तपासतातच.
धीर करून विचारलं, "कंपनीत काय करता?"
"बास्केटबॉल खेळतो. कंपनीच्या टीममधी."
"आणि काम?"
"त्येच काम. हजेरी लागते, पगार मिळतो."
खेळायचा पगार! केवढं विचारायचं होतं. जाळी किती उंच? हरले तर पगार कापतात?
मामा सारखे, "बस रे, उठू नको." का बरं?
मी म्हणाले, "मी चालून दाखवलं. यांनीही दाखवावं."
आईचा चेहरा!
तो हसला, उठला, आणि उठतच राहिला. पावणेसात फूट. चार पावलं चालला. निघताना डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं.
"लागलं का हो?" अण्णा.
"सवय हाय. आमच्या गावात घरांना दारं न्हाईत, पन चौकट हायच की."

७ फेब्रु.
घरात फक्त उंची. स्थळ आणणारी मावशी म्हणते, "त्याच्या एका सदऱ्यात आपल्या घरातले दोघं मावतील." आई, "आपली पोरगी त्याच्या कोपराला लागंल." मामांनी उंची लपवली, असं अण्णांचं मत.
मला नाही वाटत. सगळे वर बघत होते. मी खाली. उजवा पाय तो टेकवत नव्हता, नुसता ठेवत होता. अजून कुणाला बोलले नाही.

१३ फेब्रु.
नगरला त्यांचा सामना. मावशी बरोबर, म्हणून अण्णांनी जाऊ दिलं. नवलच.
इतर खेळाडू उड्या मारतात. हा हात वर करतो आणि शिंक्यात दह्याचं गाडगं ठेवावं तसा चेंडू जाळीत ठेवतो. टाळ्याच टाळ्या. मीही वाजवल्या, मावशीनं चिमटा काढला.
मग त्यानं एकदाच उडी मारली. खाली आला तो गुडघा धरून. बाकावर बसवलं. मागून कुणी ओरडलं, "ए खांबा! उभा तरी ऱ्हा, बघायला आलोय!" तो त्यांच्याकडे पाहून हसला. मला राग आला.
नंतर आम्ही मावशीसमोरच बोललो. हा खेळात आला कसा? एस.टी.च्या टपावर शिडी न चढता गाठोडी ठेवत होता, एका खेळाच्या मास्तरांनी पाहिलं. तोवर चेंडू हातात धरला नव्हता.
"तुमी त्या दिवशी पायाकडं बघितलं. बाकी कुनी बघत न्हाई."
"गुडघा गेला तर?"
"तर मी नुसताच उंच."
कंपनी टेबलाचं काम द्यायला तयार आहे, पण मॅट्रिक हवी. हा सातवी पास. मामांनी यातलं काही बोलू नको म्हणून बजावलंय.
"घरी सांगा तुमी. आनि शिकवाल का मला? हे लग्नाचं न्हाई इचारत. नुसतं इचारतो."
मावशीला म्हणे काही ऐकू आलं नाही.

१५ फेब्रु.
अण्णांना सगळं सांगितलं. गुडघ्याचंही. त्यांनी विचारलं,
"त्याचा खेळ संपला तर?"
"मग मॅट्रिक."
"आन् नापास झाला तर?"
शाळेत दिवसभर तेच डोक्यात. वर्गाला म्हणते, प्रयत्न केला की जमतं. घरी हे वाक्य तोंडातून निघेना. पण कुतूहल जात नाही. असा माणूस भूमितीचा सिद्धांत कसा मांडत असेल? बाकावर मावणारच नाही.
रविवारी मामा उत्तराला येणार. अण्णा म्हणाले, "तूच सांग."

१७ फेब्रु.
स्टुलावर चढून दाराची चौकट पाहिली. त्याच्या केसांच्या तेलाचा डाग अजून आहे. माझा हात स्टुलावरूनच पोचतो.
आई ओलं फडकं घेऊन आली. "उतर, पुसून घेते."
"राहू दे."
"किती दिवस?"
"रविवारपर्यंत."