टेपचं दुसरं टोक

४ मार्च
पोचलो. काचेचं काही फुटलं नाही, बाबा रुसले नाहीत, आणि घर फोटोतल्यापेक्षा मोठं निघालं. एका दिवसाला एवढं पुष्कळ झालं. दोन खोल्या, मागे नळ, आणि स्वयंपाकघराच्या फरशीत एक लाकडी झडप. झडपेखाली तळघर, तळघराच्या भिंतीत भुयाराचं तोंड. म्हणजे ऑफिस घरातच. शेजारच्या घरमालकीणबाईंनी चहा पाठवला आणि मिस्टर कधी येणार, असं विचारलं. मिस्टर नाहीत, वडील आहेत, म्हटल्यावर त्यांना उलट हायसं वाटलेलं दिसलं.

गावातल्या कितीतरी घरांखाली अशी भुयारं आहेत, सातआठशे वर्षांपूर्वी खणलेली. कशासाठी, ते कुणालाच ठाऊक नाही. मला त्यांचे नकाशे काढायचे आहेत. बाबा म्हणाले, माप घेतेस ते ठीक आहे, पण त्याला शिवणार काय? जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसाचा विनोद. आई गेल्यापासूनचा पहिलाच. मी इतकी हसले की ठसका लागला.

७ मार्च
काम सुरू झालं. भुयार माणसाच्या खांद्यांएवढं रुंद आहे. रांगत जायचं, आणि मध्ये एका ठिकाणी हात पुढे करून पोटावर सरपटायचं. शेवटी बसता येईल एवढी खोली. पुढे नुसती भिंत.

लपायला खणलं म्हणावं तर बाहेर पडायला दुसरी वाट नाही. धान्य ठेवायला म्हणावं तर ओल आहे. पुरायला म्हणावं तर आजवर एक हाड सापडलेलं नाही. वाटही धड सरळ नाही. मध्येच डावीकडे, मग वर, मग मागे फिरल्यासारखी. खणणाऱ्याचा विचार दर दोन हातांवर बदलत असावा.

ऑफिसने मदतनीस दिलेला नाही, म्हणून टेपचं शून्याचं टोक बाबा तोंडाशी धरून बसतात आणि मी दुसरं घेऊन आत जाते. मला ते फूटपट्टी म्हणतात. लहानपणी म्हणायचे, तसंच.

११ मार्च
जे झालं ते झालं तसंच लिहिते.

मी शेवटच्या खोलीत होते. टेप ताणलेली होती. मी हाक मारून सांगितलं की जरा डावीकडे घ्या, आणि टोक डावीकडे गेलं. आकडा लिहिला. रांगत बाहेर आले तर तळघरात कुणी नाही. टेपचं टोक जमिनीवर. वर बाबा गॅसपाशी उभे, चहा कपात ओतलेला. किती वेळ झाला वर येऊन, असं विचारलं. म्हणाले, बराच.

मग टोक कुणी धरलं होतं?

कपाला बशी शोधत ते म्हणाले, "तुझ्या आईच्या हातात देऊन आलो."

१३ मार्च
टेप दगडात अडकली असेल. पुन्हा तपासलं. अडकण्यासारखा दगड नाही.

बाबा आता पोटभर जेवतात. दाढी करतात. खाली आवाज येतो म्हणतात, भिंतीपलीकडून. आई काय काय सांगते. मला काही ऐकू येत नाही. त्यांच्या भ्रमाचा मला आनंद होतोय, हे बरोबर आहे का? दीड वर्षाने त्यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. मी देवाचे आभार मानले.

१६ मार्च
मालकीणबाईंना विचारलं की त्यांच्या घराखाली भुयार आहे का. होतं, म्हणाल्या. त्यांचा मुलगा तापाने गेला, त्यानंतर तो खालून ऐकू यायला लागला. पाणी मागत हाक मारायचा. यजमान भिंत खणायला लागले, तेव्हा बाईंनी गवंडी बोलावून भुयार दगडमातीने भरून घेतलं.

मी म्हटलं, शहाणपण केलंत.

"शहाणपण खरंच," त्या म्हणाल्या. "त्यानंतर एकदाही ऐकू आला नाही. अजून तांब्या भरताना वाटतं, नको होतं ते भुयार भरायला."

१७ मार्च
बाबांच्या नखांत माती. ज्या हातांनी कधी पांढऱ्या कापडावर डाग पडू दिला नाही, ते हात.

आत जाऊन पाहिलं. शेवटच्या भिंतीला नवं भोक, त्यात आपला आमटीचा डाव. तिथे बसल्यावर उलगडलं. लपायला, साठवायला, पुरायला — यातलं काही नाही. घरातलं माणूस गेलं, त्याची हाक आली, आणि लोक हाकेच्या मागे खणत गेले. आवाज डावीकडून आला की डावीकडे, वरून आला की वर. प्रत्येकाने आपला दम पुरला तिथवर.

झडपेला कुलूप लावलं. बाबा भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "लाव. पण तिला काय सांगायचं ते तूच सांग."

२१ मार्च
बाबा गेले. दुपारी, स्वयंपाकघरात, खुर्चीत. पाय झडपेवर टेकलेले. डॉक्टर म्हणाले हृदय, वय, असं व्हायचंच. कुलपाबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२५ मार्च
किल्ली माझ्याच पदराला होती. बाबांना जगवायचं म्हणून लावलं होतं कुलूप — की मला ऐकू येत नव्हतं म्हणून?

राजीनामा धाडला. बाईंना म्हटलं, हेही भरून टाका. परवा सकाळी गवंडी येईल. मी त्याआधीच्या बसने निघेन, जाताना दार ओढून घेईन. बाईंनी पाठीवरून हात फिरवला.

२७ मार्च, सकाळ
सामान पुढे गेलं. फक्त टेप खाली राहिली होती, ती आणायला कुलूप काढून उतरले; झडप मागे आपोआप मिटली. सरकारी वस्तू.

आतून बाबांचा खोकला आला.

नंतर
शेवटच्या खोलीत आहे. बस गेली असेल. बॅटरी मांडीवर ठेवून लिहितेय. ऐकलेलं लगेच लिहिलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दोघं आहेत. भिंतीपलीकडे. आई हसतेय. बाबा तिला बसचं सांगतायत, घराचं — मिठाचं —

डाव हातात आहे. माती मऊ आहे. मी खणतेय असं नाही, फक्त ऐकू यावं म्हणून थोडी —

वर झडप उघडली. बाईंचा आवाज, गवंड्याचा. दगड ओतले. तळघरात — भुयाराच्या तोंडाशी. त्यांच्या लेखी मी बसमध्ये आहे.

ओरडले तर पोचेल. अजून पोचेल.

बाबा माझं नाव घेतायत. फूटपट्टी आली, म्हणतायत. पुढचं ऐकू येत नाही. हळू बोलायची सवय त्यांची — मी ओरडले तर मधलं एखादं वाक्य —

पुन्हा दगड. उजेड आत येत होता, तो —

कुलपाचं बोलतायत. आईने विचारलं असावं. एवढं ऐकते, मग हाक मारते. एवढंच. बाबा म्हणतायत, की तिने —